आखाजीचा मुऱ्हाळी

तिशी गाठायच्या आधी मी स्वतःला फार मोठी नाट्यदिग्दर्शिका समजत होते. पुरावा एवढाच, की कॉलेजात असताना एका एकांकिकेत मी म्हातारीचं काम केलं होतं आणि परीक्षक म्हणाले होते, "आवाज चांगला आहे." त्या एका वाक्यावर मी अर्धी नोकरी काढली. बऱ्हाणपूरच्या आमच्या मराठी शाळेत स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की मी चष्मा डोक्यावर चढवायची, मुलांना "मंडळी" म्हणायची आणि चहा थंड होऊ द्यायची, कारण मोठ्या कलावंतांचा चहा थंड होतो असं मी कुठंतरी ऐकलं होतं. आता खरीखुरी म्हातारी झाले, तर ते म्हातारीचं काम मला कुणी देत नाही.

त्या वर्षांत सरकारनं ठरवलं होतं, की जी मुलं शिकायला हळू आहेत, ज्यांना नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, त्यांना वेगळं काढायचं नाही. सगळ्यांबरोबर एकाच वर्गात बसवायचं. जिल्ह्याचं ठाणं तेव्हा खंडव्याला होतं, तिथून कागद आला. आमच्या हेडमास्तरांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "बसवायचं म्हणतात. बसवल्यावर पुढं काय करायचं ते लिहिलेलं नाही."

पुढं काय करायचं ते मला ठाऊक आहे अशी माझी खात्री होती. मला सगळंच ठाऊक असायचं तेव्हा.

ती पोरगी आली ती बापाचं बोट धरून. वय नऊ-दहा असेल. रुंद चेहरा, तेलानं चोपडून बसवलेले केस, आणि बोटं जाड, शेतात राबणाऱ्या बाईसारखी. बोलायची मोजकंच. समजायला वेळ घ्यायची, पण एकदा समजलं की ते दगडावरच्या रेघेसारखं पक्कं. बापाची इच्छापूरच्या अलीकडं केळीची बाग होती. पोरीची आई वारली होती, त्यानं दुसरं लग्न केलं होतं आणि ती नवी बायको आता पोटुशी होती. पोरीला त्यानं शहरात, बुधवारा मोहल्ल्यात, आपल्या बहिणीकडं आणून ठेवलं.

"गावच्या शाळेत तिले कोनी घेत नाही बाई," तो म्हणाला. "इथं आता नियम झाला म्हंतात. शिकू द्या थोडं. शिकली का घेऊन जातो."

तो हे माझ्याशी बोलत होता, पण ऐकत ती होती. त्यातलं शेवटचं तेवढं तिनं उचललं.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात येऊन तिनं मला विचारलं, "आज?"

मी म्हटलं, आज काय? तिला सोडायला आत्या आली होती, ती मागून म्हणाली, "बाप आज न्यायला येनार का, ते इचारते. तुम्ही उद्या म्हना. मी तेच म्हनते."

मग मीही "उद्या" म्हटलं. तिनं मान हलवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. तेव्हापासून रोज सकाळी हा आमचा नमस्कारच झाला. आज? उद्या. वर्गातली पोरंही शिकली. मला यायला उशीर झाला तर कुणीतरी परस्परच उत्तर देऊन टाकायचं.

त्या वर्षी मी असीरगडावर नाटक लिहिलं होतं. लिहिलं म्हणजे राणीला चार पानांचं भाषण दिलं आणि बाकीच्यांना "होय महाराणी." ते भाषण मी घरी नवऱ्याला वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर तो घोरायला लागला, तर मी समजले की भावनेनं त्याचा श्वास जड झाला. खंडव्याहून साहेब तपासणीला आले तेव्हा म्हणाले, "मॅडम, ये बच्चे सिर्फ बैठें नहीं, कार्यक्रम में भी दिखें." मी लगेच म्हटलं, माझ्या नाटकात आहे ना जागा. आणि पोरीला किल्ल्याची द्वारपाल केलं. हातात भाला, डोक्यावर पुठ्ठ्याचं शिरस्त्राण. काम एकच, शत्रू आला की दार उघडायचं नाही.

शत्रू आला, त्यानं दार ठोठावलं आणि तिनं उघडलं. नुसतं उघडलं नाही, भाला भिंतीला टेकवून आत गेली आणि माठातलं पाणी तांब्यात घेऊन आली. शत्रूच्या सेनापतीनं ते गटागटा पिऊन टाकलं, कारण त्याला तालमीत नेहमीच तहान लागलेली असायची.

"बाई, हिनं फिर दार उघडलं," राणी ओरडली.

मी समजावून सांगितलं. रागावले. दार सुतळीनं बांधून पाहिलं, तर तिनं गाठ सोडली. केळीच्या घरातली पोर, सुतळीच्या गाठींत तिचा हात कुणी धरावा. कुणी दारात आलं की दार उघडायचं आणि पाणी द्यायचं, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं असणार. पुस्तकात असं आहे की असीरगड फितुरीनं पडला. आमच्याकडं तो रोज दुपारी पाहुणचारानं पडत होता.

शेवटी मी दिग्दर्शकाला शोभेल असा निर्णय घेतला. तिला झाड करायचं. अशा मुलांसाठी प्रत्येक शाळेच्या नाटकात एक झाड राखून ठेवलेलं असतं, तसं माझ्याही डोक्यात होतंच. हिरवा कागद आणायला पैसेसुद्धा मंजूर झाले.

तेव्हा राणीचं काम करणारी मुलगी म्हणाली, "बाई, किल्ल्याचंच नाटक कशाला? जिथं दार उघडायचंच असतं, असं करू ना."

"असं कुठलं नाटक असतं गं?"

"आखाजीचं."

त्यात राणी नव्हती, तिचं चार पानांचं भाषण जाणार होतं, तरी तिनं हे सुचवलं. की भाषण जाणार होतं म्हणूनच सुचवलं, कोण जाणे.

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्याकडं आणि खाली खानदेशात हा लेकींचा सण. सासरी दिलेली लेक आखाजीला माहेरी येते, पण आपली आपण येत नाही. माहेरचा माणूस, बहुतेक भाऊच, तिला न्यायला जातो. तो मुऱ्हाळी. तो दारात आल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही, मग डोळे वाटेला लागून किती का थकेनात. चार दिवस झोके, आंबे, शेजारणींची गाणी, आणि मग पुन्हा गाठोडं बांधून सासरी.

नाटक पोरांनीच रचलं, मी चष्मा डोक्यावर ठेवून मान हलवली. ती पोरगी सासुरवाशीण. तिनं जात्यावर दळत बसायचं. शेजारच्या सुनांचे मुऱ्हाळी येतात, एकेक निघून जाते, ही दळतच राहते. शेवटी घुंगरमाळ वाजते, ही उठते, दार उघडते, भावाला पाणी देते, गाठोडं उचलते आणि जाते. तिला बोलायचं काहीच नव्हतं. घुंगरमाळ मी माझ्या माहेरून आणली, आमच्या जुन्या बैलाची. सराफ्यातल्या एका व्यापाऱ्याचा गुबगुबीत मुलगा लाल फेटा बांधून भाऊ झाला.

पहिल्याच तालमीला तिनं असं काम केलं की माझ्या अंगावर काटा आला. घुंगरं वाजली, ती उठली, दार उघडलं, पाणी दिलं, गाठोडं काखेत मारलं, भावाचा हात धरला आणि वर्गातून बाहेर पडली. मी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्या तरी दोघं परत येईनात. बघते तर शाळेच्या फाटकातून बाहेर. शिपाई सायकलवर मागे गेला तेव्हा बसस्टँडच्या वळणावर सापडले. फेटा मानेवर आलेला, पोरगा रडकुंडीला.

"बाई, ही हात सोडतच नाही. म्हणते गाडी, गाडी."

मी स्टाफरूममध्ये ही गोष्ट हसून हसून सांगितली. "काय तन्मयता आहे," असंही म्हणाले. हेडमास्तर तेवढे हसले नाहीत. "बाई," ते म्हणाले, "बाकीची पोरं नाटक करतायत. ती नाही करत."

मी म्हटलं, सर, यालाच अभिनय म्हणतात.

माझ्या मनात तेव्हा एक बेत शिजत होता. बापाला पहिल्या रांगेत बसवायचं. आपली पोर चार लोकांत कशी वागते, काय काय करू शकते, हे त्यानं डोळ्यांनी बघितलं की तो तिला घरी नेल्याशिवाय राहणार नाही. "शिकली का घेऊन जातो," असं तोच म्हणाला होता. शिकली, हे मी त्याला दाखवणार होते. तो कधी नेईल, सुट्टीत की कायमचं, मधल्या दिवसांत शाळेचं काय करायचं, सगळं मी ठरवून ठेवलं होतं. त्याला बोलायचं वाक्यसुद्धा तयार होतं.

संमेलनाच्या दिवशी तो आला. पांढरा धुतलेला सदरा, हातात बहिणीसाठी दराब्याच्या मिठाईचा पुडा. पहिल्या रांगेत खुर्चीच्या कडेवर बसला, कुणी उठवलं तर पटकन उठता यावं म्हणून.

नाटक चांगलं झालं. खरंच चांगलं झालं, आता खोटं कशाला बोलू. ती दळत होती. खरी ज्वारी होती, खरं पीठ पडत होतं. एकेक सून जात होती आणि ती दर वेळी मान वर करून दाराकडं बघायची, आपला नाही हे कळलं की पुन्हा खुंट्याला हात घालायची. हे मी शिकवलेलं नव्हतं. पलीकडच्या गल्लीत माग चालू होते, त्यांची खटखट तेवढी ऐकू येत होती. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या, त्यांतल्या निम्म्यांना स्वतःचं माहेर आठवत असणार. घुंगरमाळ वाजली. ती उठली, हाताचं पीठ लुगड्याला पुसलं, दार उघडलं, पाणी दिलं. या वेळी फेटेवाला हुशार झाला होता, त्यानं विंगेत जाऊन तिला घट्ट धरून ठेवलं.

टाळ्या पडल्या आणि मी रडले. मुख्यतः स्वतःच्या कौतुकानं.

डोळे पुसून बघते तर ती फेटेवाल्याच्या हातून सुटून बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरली होती. लुगडं पायात येत होतं. ती सरळ बापापुढं जाऊन उभी राहिली आणि गाठोडं त्याच्यापुढं धरलं.

त्यानं ते हातात घेतलं. त्यात फळा पुसायची फडकी होती, दुसरं काही नाही. मग त्यानं गाठोडं तिच्याच काखेत परत दिलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बाई," तो मला म्हणाला, आणि त्याचे डोळे भरलेले होते, "माझा तर जीव भांड्यात पडला. मले वाटे पोर झुरत असंन. पन तुमच्यापाशी काय मस्त रमली ती. एवढ्या लोकांत काम केलं. आता मले तिची काही चिंता नाही."

माझं वाक्य तोंडात होतं. तो पुढं म्हणाला, घरी मुलगा झालाय, बायको अजून अशक्त आहे, घर लहान आहे. "राहू द्या इथंच. जिथं रमली तिथं बरी."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच बरं वाटलं होतं. मी दाखवलं ते त्यानं नीट बघितलं होतं, आणि बघून निश्चिंत झाला होता. माझ्या वाक्याला मग जागाच उरली नाही. शेवटच्या गाडीची वेळ झाली म्हणून तो निघाला. ती फाटकापर्यंत त्याच्या मागं गेली. आत्यानं तिचा हात धरला.

"आज?" तिनं विचारलं.

"उद्या," आत्या म्हणाली.

त्यानंतर ती गाठोडं घेऊन शाळेत यायला लागली. फडकी मी काढून घेतली, तर तिनं आपला एक फ्रॉक आणि आईची जुनी चोळी बांधून आणली. दप्तराशेजारी गाठोडं. पोरं पहिल्यांदा चिडवायची, मग त्यांनाही सवय झाली, ती खेळायला गेली तर कुणीतरी गाठोडं सांभाळायचं.

आखाजी जवळ आली तशी मला राहवेना. नवऱ्याला म्हटलं, मी तिला घेऊन जाते.

"कोण म्हणून जाणार?" त्यानं विचारलं.

"मुऱ्हाळी म्हणून."

"फेटा बांधणार?"

"तुमचा देता?"

फेटा नाही बांधला, पण घुंगरमाळ पिशवीत घातली. बुधवाऱ्यात आत्याच्या ओट्यापाशी जाऊन ती वाजवली, तर पोरगी आतून आली, मला पाण्याचा तांब्या दिला, गाठोडं घेतलं आणि माझा हात धरला. आत्या उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेली मानसं. पन जरा इचार करून करा." मी विचार केला नाही. गाडीत पोरगी खिडकीशी बसली आणि केळीच्या बागा सुरू झाल्या तशी काचेला बोट लावून प्रत्येक बागेला "आपली" म्हणाली.

सावत्र आई वाईट निघावी अशी माझी मनातून तयारी होती, म्हणजे मला तिच्यावर रागावता आलं असतं. ती वाईट नव्हती. वीस-बावीस वर्षांची, बाळंतपणानं सुकलेली पोर होती. आखाजीला घरातल्या वारलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर पुजतात. तिनं पोरीच्या आईच्या नावानं घागर भरून ठेवली होती, तिच्यावर खरबूज ठेवलं होतं. पोरीला बघून ती म्हणाली, "आली का माय," आणि भिजवलेल्या आंब्यांतला पहिला आंबा तिच्या हातात दिला. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता. पोरगी आंबा चोखत झोक्यावर बसली. तिला मी तशी हसताना त्याआधी बघितली नव्हती, आणि नंतरही फारशी नाही. मी तिला तिथं ठेवून परत आले. गाडीत अख्खा रस्ता मी स्वतःची पाठ थोपटत होते.

सण उलटल्यावर एका दुपारी मी बुधवाऱ्यातून जात होते, तर आत्याच्या ओट्यावर बाप बसलेला. शेजारी पोरगी, मांडीवर गाठोडं.

मी काही विचारायच्या आत तोच उठून उभा राहिला. "आखाजी झाली ना बाई," तो म्हणाला. "झाल्यावर लेकी परत जातातच."

कुठल्या लेकी, मी म्हणणार होते. ही नऊ वर्षांची आहे, ही कुठं सासरी दिलीय. पण तो ते लबाडीनं बोलत नव्हता. पोरीला परत आणून सोडायला कुठल्याही बापाला काहीतरी सांगता यावं लागतं. त्याला ते माझ्या नाटकात मिळालं होतं. आणि तिलाही. ती रडत नव्हती, त्याचा हात धरत नव्हती. आपली आपण उठली, आत गेली आणि गाठोडं खुंटीला टांगून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर्गाच्या दारात आली, माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता जागेवर जाऊन बसली. उत्तर द्यायला तोंड उघडलेला एक पोरगा तसाच राहिला. "बाई, आज हिनं विचारलंच नाही," तो म्हणाला.

साहेबांनी नंतर त्यांच्या अहवालात आमच्या शाळेबद्दल दोन चांगल्या ओळी लिहिल्या. विद्यार्थिनी पूर्णपणे रमली आहे, असा त्यांचा अर्थ होता.

मग ती तशीच वाढली. पाचवीपर्यंत शाळेत आली, नंतर आत्याच्या घरी भांडी, दळण, पापड, सगळं करायची. दर आखाजीला मी घुंगरमाळ घेऊन जायची. गावात भाऊ मोठे होत होते, झोका कधी बांधलेला असायचा, कधी नसायचा. बाप मात्र असायचा. सणानंतर तोच आणून सोडायचा. रोज विचारायची गोष्ट तिनं वर्षातून एका दिवसावर आणून ठेवली होती, आणि तो दिवस चुकला नाही म्हणून तिची तक्रार नव्हती. माझी होती. पण माझं कोण ऐकतं, मी नुसती आवाज चांगला असलेली बाई.

मागच्या थंडीत बाप गेला. भावांनी बाग वाटून घेतली, घराला कुलूप लावलं, एक जण सुरतेला, एक जळगावला. आत्या तर केव्हाच गेलेली. आत्याची सून भली आहे, ती पोरीला, पोरीला म्हणजे केस पांढरे व्हायला लागलेल्या बाईला, नीट बघते. तिनंच मला फोन करून सांगितलं, "आजी, आज आखाजी. त्या सकाळपासून गाठोडं घेऊन ओट्यावर बसल्यात. सांगितलं तरी उठत नाहीत."

माझे गुडघे आता पायऱ्यांना हरतात. नातवाला म्हटलं, गाडी काढ. त्यानं विचारलं, "आजी, ये घुंगरू किसलिए?" मी म्हटलं, तुझ्या आजीला नाटकाचं वेड होतं, चल.

घुंगरमाळ वाजवली. ती उठली, आत जाऊन तांब्या घेऊन आली, मी पाणी प्याले, तिनं माझा हात धरला. नातवानं गाडी बसस्टँडच्या वळणावरून इच्छापूरच्या रस्त्याला न घालता आमच्या घराकडं घेतली. ती काचेतून बाहेर बघत होती. बागा आल्या नाहीत.

घरी मी तिच्या आईच्या नावाची घागर भरली, तिच्याशेजारी बापाची. दोन्हींवर खरबूज. ती त्यांच्यासमोर बसली. दुसऱ्या घागरीला तिनं बोट लावून बघितलं. आंबा दिला तो खाल्ला, साल माझ्या हातात परत दिली. संध्याकाळी दिवा लावून मी आले, तेव्हा ती दाराशी उभी होती, गाठोडं काखेत.

"आज?" तिनं विचारलं.

मला आत्या आठवली. इतकी वर्षं मास्तरकी करून माझ्याजवळ दुसरं उत्तर जमलेलं नव्हतं.

"उद्या," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. गाठोडं सोडलं, त्यातली आईची चोळी घडी करून उशाशी घेतली, आणि दाराकडं तोंड करून आडवी झाली.